काट्याच्या आतला आकडा दाखवा

उसाच्या वजनकाट्यांचे इंडिकेटर, दूध तपासणीची यंत्रं आणि शेतात रोवायचे सेन्सर बनवणाऱ्या, आणि त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सर्व अभियंत्यांना,



मी मिरज तालुक्यात राहतो. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि घरचा थोडा ऊस आहे. त्यामुळे तुम्ही बनवलेल्या यंत्राची पाठ उघडून बसणारा मीच आणि त्याच यंत्रापुढे पावतीसाठी ताटकळणाराही मीच. तुमच्यापैकी बरेच जण सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून शिकून पुण्याला, बंगळुरूला गेलेले. तुमच्या घरचा ऊसही कुठल्यातरी कारखान्याच्या गव्हाणीत पडत असणार. म्हणून हे पत्र परक्याला लिहितोय असं मला वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणूनच थोडं स्पष्ट लिहिणार आहे.

माझी तक्रार काटामारीबद्दल नाही. ती तक्रार आमच्याकडे बॉयलर पेटल्यापासून धुराडी थंड होईपर्यंत चालूच असते. शेतकरी संघटना मोर्चे काढतात, भरारी पथकं नेमली जातात, काटे तपासले जातात, बहुतेक वेळा बिनचूक निघतात, आणि गावात परत तोच विषय. अमुक कारखान्याचा काटा खोटा आहे असा माझा आरोप नाही. तसं ठामपणे म्हणण्याचं साधन माझ्यापाशी नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. काटा खरा की खोटा हे ठरवण्याचं साधन तुम्ही कुणाच्याच हातात ठेवलेलं नाही. शेतकऱ्याच्या नाही, कारखान्याच्या प्रामाणिक कार्यकारी संचालकाच्या नाही, आणि वर्षातले एक-दोन दिवस सोडले तर वैधमापन निरीक्षकाच्याही नाही.

हे पत्र तुमच्याबरोबर आणखी काही जण वाचतील, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी थोडं सांगतो. भुईकाट्याखाली सहा किंवा आठ लोडसेल असतात. पोलादी ठोकळा, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्या. भार आला की ठोकळा डोळ्याला कळणारही नाही इतका दबतो, पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तारेतून किंचित व्होल्टेज येतं. किंचित म्हणजे किती? तीस टनी सहा सेल, दहा व्होल्टचा पुरवठा, आणि व्होल्टमागे दोन मिलिव्होल्टची संवेदनशीलता धरली, तर साठ टनांचा पूर्ण भार म्हणजे जेमतेम पावणेसात मिलिव्होल्ट. काट्याचा एक टप्पा दहा किलोचा असतो. तो एका मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो. हे व्होल्टेज एडीसी नावाच्या चिपमध्ये जातं आणि तिथून एक पूर्णांक बाहेर पडतो. त्या पूर्णांकात किलो नसतात. त्यातून शून्य वजा करायचं, उरलेल्याला एका गुणकाने गुणायचं, मग फिल्टरमधून गाळून घ्यायचं, तेव्हा कुठे लाल आकड्यांत ‘२९,४६०’ उमटतं. म्हणजे शेतकऱ्याला दिसणाऱ्या आकड्यात उसाचा वाटा जेवढा, तेवढाच तुमच्या सेटिंगचा. ऊस सगळ्यांना दिसतो. सेटिंग कुणालाच दिसत नाही.

आता हे असंच असावं लागतं का? तुमच्याच बिरादरीतल्या लोकांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘इंडस्ट्रियल आयओ’ नावाचा विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केलेला हा विभाग २००९ मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. सेन्सर आणि एडीसी प्रोग्रामना कसे दाखवायचे, याची शिस्त त्याने घालून दिली. प्रत्येक उपकरणासाठी एक फोल्डर आणि त्यात साध्या मजकुराच्या छोट्या फायली. ‘रॉ’ नावाच्या फायलीत चिपने दिलेला कच्चा पूर्णांक. ‘ऑफसेट’मध्ये मिळवायची संख्या. ‘स्केल’मध्ये गुणक. ‘सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी’त सेकंदाला किती मापं घेतली जातात ते. कच्च्या आकड्यात ऑफसेट मिळवा, स्केलने गुणा, की माप मिळालं. तेही कोणत्या एककात, हे लेखी ठरलेलं. व्होल्टेज असेल तर मिलिव्होल्ट, तापमान असेल तर अंशाचा हजारावा भाग. चिप कोणत्याही कंपनीची असो.

माझ्यासारख्याला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. या फायलींच्या परवानग्या बघा. वाचायला त्या सगळ्यांना खुल्या असतात. लिहायची मुभा फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मालकाला. स्केल बदलायची तर अधिकार हवा. किती आहे हे बघायचं तर काहीच नको. हे कुणी पारदर्शकतेच्या चळवळीतून केलेलं नाही. ज्याला माप वापरायचंय त्याला ते कसं तयार झालं हे दिसलं पाहिजे, नाहीतर त्याचा प्रोग्राम चुकेल, एवढाच व्यवहारी हिशेब.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतल्या महागड्या चिपांपुरतं आहे असंही नाही. एचएक्स-७११ ही लोडसेलसाठीच बनवलेली चिप तुम्ही सगळे ओळखता. २४ बिटची, सेकंदाला दहा किंवा ऐंशी मापं घेणारी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती भाजीच्या भावात मिळते. तिचा ड्रायव्हर २०१७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. त्यात स्केलची फाइल बदलली की चिपचं गेनच बदलतं, आणि बदललेली स्केल कुणालाही वाचता येते. विद्यार्थ्याने हौसेने बनवलेल्या किचनकाट्याला जी शिस्त लागू आहे, ती आमच्या वर्षाच्या कमाईचं वजन करणाऱ्या काट्याला नाही.

खिशातल्या मोबाइलचं घ्या. अँड्रॉइडने २०१३ साली, ४.३ या आवृत्तीत, होकायंत्राच्या सेन्सरची दोन रूपं द्यायला सुरुवात केली. एकात दुरुस्ती करून तयार केलेला आकडा. दुसऱ्यात दुरुस्ती न केलेला आकडा, आणि शेजारी ती दुरुस्ती किती, ते वेगळं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तर एखाद्या ॲपला सेकंदाला दोनशेपेक्षा जास्त वेळा हालचालीचा सेन्सर वाचायचा असेल, तर तशी परवानगी आधी जाहीर करावी लागते. रील बघायच्या फोनमध्ये एवढी काळजी. वीस टन उसासाठी मात्र एक पासवर्ड, आणि तोही बऱ्याचदा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेला.

भुईकाट्यावर प्रत्यक्षात काय असतं? इंडिकेटरमध्ये छोटा मायक्रोकंट्रोलर, त्याच्या मेमरीत सगळ्या सेटिंग. त्या वाचायच्या तर कॅलिब्रेशन मोडमध्ये जावं लागतं, आणि कॅलिब्रेशन मोडमध्ये गेलं की त्या बदलताही येतात. वाचण्याचं दार आणि बदलण्याचं दार तुम्ही एकच ठेवलंय. त्या दारावर सील. मग शेतकऱ्याने ‘सेटिंग दाखवा’ म्हटलं की काटेवाला म्हणतो, सील तोडू का? त्याचं बरोबर आहे, आणि शेतकऱ्याचंही बरोबर आहे. चुकलंय ते तुमचं डिझाइन.

इंडिकेटरपासून पुढे तर आणखी गंमत. आकडा आरएस-२३२ च्या केबलने संगणकात जातो. विंडोजच्या दृष्टीने तिथे वजनकाटा वगैरे काही नाही, फक्त एक कॉम पोर्ट आहे आणि त्यातून अक्षरं येताहेत. दोन, नऊ, चार, सहा, शून्य. हे किलो आहेत की क्विंटल, कोणत्या काट्यावरून आले, त्यामागचा गुणक काय, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, यातलं काहीच ऑपरेटिंग सिस्टिमला कळत नाही, कारण तुम्ही ते पाठवतच नाही. ती अक्षरं उचलून पावती छापणारा प्रोग्राम कुणा तिसऱ्यानेच लिहिलेला. केबल आणि पावती यांच्यामध्ये तो काय करतो हे पाहायला निरीक्षकाचं सील नाही. सील असतं ते इंडिकेटरवर आणि जंक्शन बॉक्सवर. आणि इथे लिनक्सच्या कौतुकालाही मर्यादा आहे, हे कबूल केलं पाहिजे. कर्नलची शिस्त मिलिव्होल्टपाशी थांबते. मिलिव्होल्टचे किलो करणारा शेवटचा गुणक तुमच्या प्रोग्रामच्या खासगी फायलीत बसतो, आणि आमचे पैसे त्या शेवटच्या गुणकातच आहेत. शिवाय कुणी कधी काय बदललं याची वही लिनक्स आपणहून ठेवत नाही. ते काम ज्याने त्याने करायचं असतं. तुमच्या बाबतीत, तुम्ही.

आता हिशेब. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन एकाच काट्यावर होतं, आणि फरक तो ऊस. त्यामुळे शून्य दोन्ही वेळा सारखंच सरकलं असेल तर फरकावर परिणाम होत नाही. (मधल्या चार-पाच तासांत शून्य हललं तर होतो, म्हणून ऑटो-झीरोची सेटिंगही दिसायला हवी, पण ते राहू दे.) गुणकाचं तसं नसतं. गुणक अर्ध्या टक्क्याने कमी असेल तर वीस टन उसाचे शंभर किलो गेले. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी एका खेपेला ३५५ रुपये. एखाद्याला वाटेल, एवढ्याशासाठी काय! दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याच्या काट्यावर ते पंचवीस टन होतात, रोजचे ८८ हजार ७५० रुपये. आणि ही चूक कुणी जाणूनबुजून केलेली असेलच असंही नाही. उन्हापावसाने, खालच्या चिखलाने, एखादा सेल खराब होऊन गुणक आपोआपही चुकीचा ठरतो. उलट दिशेने चुकला तर कारखान्याचं नुकसान. म्हणजे दाखवण्यात कारखान्याचाही फायदाच आहे.

यावर तुम्ही म्हणाल, दरवर्षी तपासणी होते ना. होते. तिसऱ्या वर्गाच्या, दहा किलो टप्प्याच्या काट्याला वीस टनांच्या वर तपासणीत पंधरा किलो आणि चालू वापरात तीस किलो एवढीच सूट आहे; अर्ध्या टक्क्याची चूक पूर्ण भाराच्या तपासणीत सापडणारच. प्रश्न तपासणीच्या दिवसाचा नाही, उरलेल्या हंगामाचा आहे. त्यात आणखी एक मेख तुम्हीच मारून ठेवलीय. नव्या इंडिकेटरमध्ये एकच गुणक नसतो. पाच टनाला एक, पंधराला दुसरा, तिसाला तिसरा, अशी अनेक बिंदूंवर दुरुस्ती करायची सोय तुम्ही दिलीय. सोय चांगली आहे, काट्याचा वाक सरळ करायला ती लागते. पण प्रमाणित वजनं तपासणीला येतात ती काही टनांचीच. पुढचा भार गाड्या चढवून पायरी-पायरीने तपासायचा असतो, आणि घाईच्या दिवसांत ते किती नीट होतं हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. निरीक्षक जो बिंदू तपासतो तिथे बिनचूक आणि गाड्या ज्या भाराने येतात तिथे वेगळा, असा काटा बनवणं तुमच्या मेनूत शक्य आहे. कुणी तसं करतं असं मी म्हणत नाही. ते बिंदू पडद्यावर दिसले असते तर मला हे वाक्य लिहावंच लागलं नसतं.

मापयंत्राला दोन चेहरे देता येतात ही कल्पनाच आहे असं समजू नका. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून शहाण्यासारख्या वागायच्या. २०१५ मध्ये ते उघड झालं तेव्हा जगभरात एक कोटीहून जास्त गाड्यांत ते सॉफ्टवेअर निघालं. लांब कशाला जायचं? २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पेट्रोल पंपांवर छापे घातले, ते पल्सर कार्डातल्या फेरफारासाठी. पल्सर म्हणजे इंधन मोजणारा सेन्सरच. बाहेरून सील शाबूत, आतला आकडा भलताच. ते उद्योग करणारेही इलेक्ट्रॉनिक्स जाणणारेच होते, शेतकरी नव्हते.

दुधाबद्दल थोडं, कारण त्यात माझ्यापेक्षा घरच्या बायकांचा अनुभव मोठा आहे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात, कारण पॉइंट खाली आला की दर खाली. आमच्या भागातल्या एका संकलन केंद्रावर एकाच म्हशीच्या धारेला सकाळी एक फॅट आणि शेजारच्या केंद्रावर दुसरंच लागल्यावर माझ्या बहिणीने विचारलं, तर उत्तर आलं, “मशीन सांगतं ते.” मशीन काय सांगतं? तुमच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात गाय आणि म्हैस यांच्यासाठी वेगवेगळे चॅनल असतात आणि प्रत्येकात फॅटची व एसएनएफची दुरुस्ती अधिक-उणी करण्याची सेटिंग असते. ती लागतेच, कारण यंत्राला गर्बर पद्धतीच्या चाचणीशी जुळवून घ्यावं लागतं. मग जी दुरुस्ती घातलीय ती पावतीवर छापायला काय हरकत आहे? ‘फॅट ६.२, दुरुस्ती उणे ०.३’. एवढी अक्षरं. कागद तोच, शाई तीच. मिल्कोमीटरची तपासणी स्वतंत्र यंत्रणेने करावी ही शेतकरी संघटनांची मागणी योग्यच आहे, पण यंत्रच जर आपली सेटिंग बोलून दाखवेल तर अर्धी तपासणी दूध घालायला आलेली बाईच करेल. हसू नका. उताऱ्याचा दशांश आणि एसएनएफचा पॉइंट यांवर आमच्या पारावर जेवढी चर्चा होते तेवढी तुमच्या ऑफिसातही होत नसेल.

शेतातल्या सेन्सरवाल्यांनाही सोडत नाही. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाच्या फळछाटणीनंतर डावणी रोगाची भीती बसते आणि पान किती तास ओलं राहिलं यावर फवारणी ठरते. तुमचा सेन्सर विद्युत संकेत देतो. तो कुठल्या मर्यादेला पोचला की पानाला ‘ओलं’ म्हणायचं हे सेटिंग ठरवतं. ती मर्यादा ॲपमध्ये दिसत नाही, बदलता तर येतच नाही. सेन्सरवर औषधाचा थर बसला की संकेत बदलतो, मर्यादा तीच राहते, आणि ॲप शांतपणे चुकीचे तास मोजत बसतं. जमिनीच्या ओलाव्याचं त्याहून वाईट. तुमचा कपॅसिटिव्ह सेन्सर कुठल्यातरी प्रमाण मातीत जुळवलेला. तो कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात घातला तर एक आकडा येतो आणि वाळवा-मिरजेच्या क्षारपड रानात घातला तर मिठामुळे भलताच. शेतकरी म्हणतो, ‘मशीन बोगस आहे’. मशीन बोगस नसतं. त्या मातीसाठीचा गुणक घालायची जागा तुम्ही त्याला दिलेली नसते, आणि कच्चा आकडा लपवल्यामुळे कृषी महाविद्यालयातला जाणकारही त्याला मदत करू शकत नाही.

कच्चा आकडा जपण्याचं महत्त्व कळायला आपल्याला कोयनेपलीकडे जायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा धरणाच्या पायातल्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने धक्क्याची रेघ टिपली. धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ जी, ही नोंद जगभरातले धरण अभियंते आजही आपल्या गणितांना वापरून पाहतात. ती रेघ आणि रेघेचं माप करण्याचा गुणक हे दोन्ही वेगवेगळे उपलब्ध होते, म्हणून नंतरच्या लोकांना ती पुन्हा पुन्हा तपासता आली. तुमच्या ॲपने तेव्हा नुसतं ‘जोराचा धक्का’ असं लिहून ठेवलं असतं!

आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पट्टी? १९२९ च्या त्या पुलाशी पाणी चढायला लागलं की अख्खं शहर आकडा वाचायला जातं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. या मापनावर सांगलीत कुणाचा अविश्वास नाही. पट्टीचं शून्य, तिचा टप्पा, तिचं एकक, सगळं उघड्यावर रंगवलेलं आहे. रात्रीत कुणी पट्टी दोन फूट सरकवली तर पहाटे फिरायला येणाऱ्यांच्याच ते लक्षात येईल. जलसंपदा विभागाने आता नद्यांवर स्वयंचलित सेन्सरही बसवलेत. त्यांचा आकडा संशयास्पद वाटला तर लोक पट्टीशी ताडून बघतात. भुईकाट्याला अशी पट्टी नाही. ती तुम्ही द्यायची आहे.

तर मागण्या.

पहिली मागणी: बघण्याचा आणि बदलण्याचा मार्ग वेगळा करा. इंडिकेटरवर सील न तोडता, पासवर्ड न घालता दाबता येईल असं एक बटण द्या. दाबलं की शून्य, गुणक, दुरुस्तीचे सगळे बिंदू, फिल्टर, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, आणि हवा तेव्हा चिपचा कच्चा आकडा पडद्यावर यावा. बदलायचं दार खुशाल लोखंडी करा.

दुसरी मागणी: बदल झाला की मोजला जावा. वैधमापनाच्या ओआयएमएल आर-७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या २००६ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरने सील करायचं असेल तर आत शिरल्याची नोंद राहिली पाहिजे, असं आहेच. त्यासाठी गणक (काउंटर) वापरायची पद्धतही जुनी आहे. प्रत्येक बदलाला एकाने वाढणारा, मागे न फिरणारा, पुसता न येणारा हा गणक तुमच्यापैकी काही जण देतातही, पण तो मेनूच्या सातव्या तळघरात लपलेला असतो. तो पावतीवर छापा. तपासणीच्या दाखल्यावर गणक ४१ आणि जानेवारीतल्या माझ्या पावतीवर ४३ असेल, तर मला एडीसी कळायची गरज नाही. मधल्या दोन बदलांचं कारण विचारायला चौथीचं गणित पुरे.

तिसरी मागणी: केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक आकड्याबरोबर काट्याचा क्रमांक, एकक, गणक आणि एक डिजिटल सही पाठवा, म्हणजे मधल्या प्रोग्रामने हात घातला तर सही जुळणार नाही. हे तंत्र तुम्हाला नवीन नाही. मोबाइलवरून दहा रुपयांचा चहा घेताना ते वापरलं जातं. पावती छापणाऱ्या प्रोग्रामवाल्यांना एवढंच सांगणं की वजनाला हात लावणारी एकही सेटिंग तुमच्याकडे असता कामा नये. गुणक नको, राउंडिंग नको, ‘ॲडजस्टमेंट’ नावाचा कॉलम तर नकोच. ग्राहकाने मागितला तरी देऊ नका.

चौथी मागणी: दुधाच्या यंत्रांनी दुरुस्ती छापावी, शेतातल्या सेन्सरांनी कच्चा आकडा आणि मर्यादा दाखवावी, आणि त्या शेताचा डेटा शेतकऱ्याला साध्या फायलीत उतरवून घेता यावा. याबद्दल वर पुरेसं बोललो.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, कारण दुरुस्तीसाठी फोन केला की ती ऐकायला मिळतात. पहिलं, ‘हे आमचं व्यापारी गुपित आहे’. चिपचं डिझाइन, फिल्टरचं गणित तुमचं गुपित असेल, मान्य. पण एका गावच्या एका काट्याचा गुणक हा त्या काट्याचा गुणधर्म आहे, तुमचा शोध नव्हे. दुसरं, ‘दाखवलं तर लोक छेडछाड करतील’. वाचू दिल्याने छेडछाड होत नाही. लिनक्सच्या यंत्रांत त्या फायली वाचायला उघड्या आहेत. तिसरं, ‘खर्च वाढेल’. पडदा आहे, बटण आहे, मेमरी आहे. वाढणार आहेत त्या फर्मवेअरमधल्या काही ओळी. चौथं उत्तर कुणी तोंडावर देत नाही, पण असतं: ‘गिऱ्हाईक कारखाना आहे, शेतकरी नाही, कारखान्याने मागितलं तर देऊ’. या उत्तराचा मला राग येत नाही, कारण ते खरं आहे. मात्र मापयंत्राला दोन गिऱ्हाइकं असतात, विकणारा आणि घेणारा, आणि वैधमापन कायदा २००९ साली नव्याने केला तोही दोघांसाठीच. कारखान्यांच्या संचालकांनाही माझं सांगणं आहे की पुढच्या वेळी काट्याची निविदा काढाल तेव्हा यातल्या पहिल्या दोन मागण्या अटींमध्ये घाला. ज्याचा काटा सरळ आहे त्याला यात गमावण्यासारखं काही नाही. वैधमापन खात्याला मी वेगळं पत्र लिहिणार आहे. त्यांचा दोष तुमच्या माथी मारायचा नाही.

यंदाच्या गाळपाआधी हे सगळं होणार नाही, याची मला कल्पना आहे. नवीन मॉडेलला मंजुरी लागते, चाचण्या लागतात. पण बघण्याचं बटण आणि पावतीवरचा गणक, या दोन गोष्टींचा प्रस्ताव तुमच्यापैकी एकाही कंपनीने मंजुरीसाठी पाठवला, तर तिचं नाव मी आमच्या भागातल्या प्रत्येक काटेवाल्याला, पतसंस्थेला आणि सोसायटीला स्वतः जाऊन सांगेन. आणि ज्यांना हे अशक्य वाटतं त्यांनी ते का अशक्य आहे हे लेखी कळवावं. मी सर्किट आणि प्रोग्राम घेऊन चर्चेला बसायला तयार आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मिरज तालुक्यातला एक काटे दुरुस्त करणारा ऊस उत्पादक